उसन्यावरचं व्याज

सोमवार, ४ मार्च

दिवाळं निघतं असं लोक म्हणतात. ते काही आपोआप निघत नाही. ते काढावं लागतं, त्याला वकील लागतो आणि वकिलाला पैसे लागतात. म्हणजे बुडायलाही ऐपत हवी.

तरी ठरलं. आज दुपारी लाँड्रीतली दोन्ही मोठी मशिनं बंद केली आणि ह्यांना सांगितलं, "अहो, मी दिवाळखोरीचा अर्ज करणार." हे चादरीची घडी घालत होते. "कर," म्हणाले, आणि तीच घडी मोडून पुन्हा घातली. झाली चर्चा. ह्यांनी थोडा वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

ज्या हॉटेलच्या चादरींच्या भरवशावर ही मशिनं कर्जानं घेतली, ते हॉटेल बंद पडलं. हप्ते बंद पडले नाहीत. ते भागवायला कार्डावर पैसे काढले, त्या कार्डासाठी दुसरं कार्ड. डाग काढायला जावं आणि कापडाला भोक पडावं, तशी गत झाली.

मोठी मशिनं जाणार, खुशाल जाऊ देत. इस्त्रीचं टेबल, लहान मशिन आणि हा भाड्याचा गाळा राहिला तर मी पुन्हा उभी राहीन. हाताला काम येतं माझ्या. सकाळी शटर उघडताना दारात वसुलीचा माणूस नसावा, एवढंच मागणं आहे. समोरचा चावीवाला सांगत होता, अर्ज मंजूर झाला तर पोटापाण्याची हत्यारं सोडतात. फेटाळला तर इस्त्रीसुद्धा उचलून नेतात. त्याला हे सगळं कसं माहीत ते मी विचारलं नाही.

गुरुवार, ७ मार्च

कपडे पोचवायची व्हॅन विकली. पैसे हातात आल्या आल्या पहिलं काम केलं ते ताईचे परत करण्याचं.

ताई माझी सख्खी बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. जन्मभर नर्स म्हणून राबली, आता निवृत्त होऊन एकटी राहते. ड्रायर घेतला तेव्हा तिनं कागद नाही, पत्र नाही, नुसतं "घे गं" म्हणून पैसे दिले होते. उसने. मी कर्ज बुडवीन, पण उसनं बुडवणार नाही. बँकेला माझ्यासारखी हजार गिऱ्हाइकं आहेत. ताईला बहीण एकच.

आणि नुसती मुद्दल नाही दिली. वर व्याज घातलं. कुणाचं फुकटचं खायची सवय नाही मला.

हे म्हणाले, "वकिलाला विचारून दिले असते तर?" मी म्हटलं, "सख्ख्या बहिणीचे पैसे द्यायला वकिलाची परवानगी काढू?" किती तरी दिवसांनी आज मान ताठ करून चालले.

शुक्रवार, ८ मार्च

ताईला फोन केला. "पोचले का?"

"पोचले. जास्त आलेत."

"अगं, व्याज आहे ते."

"बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. ताई कधी फोन ठेवत नाही. एरवी "गॅसवर दूध आहे" असं खोटं सांगून मलाच ठेवावा लागतो.

दिवसभर डोकं त्यातच. संध्याकाळी एकदाचा उलगडा झाला. मी व्याज लावलं ते दोन वर्षांपूर्वीच्या दरानं. बँकेत ठेवले असते तर तिला जास्त मिळाले असते. बरोबर आहे, रागावणारच.

शनिवार, ९ मार्च

दरातला फरक काढून तेवढेही पाठवून दिले. ताईचा साधा निरोपही नाही. उतारवयात माणूस पैशाला चिकटतं म्हणतात, पण ताईकडून ही अपेक्षा नव्हती. फार वाईट वाटलं.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. वसुलीवाल्यांचे फोन थांबलेत. थकले असावेत. दुकानाचा फोन हल्ली ह्यांच्याच खिशात असतो, कारण माझे हात ओले. ह्यांना एक नवीनच नाद लागलाय, उठसूट मागच्या बोळात जाऊन उभे राहतात. तिथे वारा छान येतो म्हणे. आता तिथे तर आमच्याच ड्रायरची गरम हवा सोडलेली आहे. पण निवृत्त माणसाशी कोण वाद घालणार?

सोमवार, ११ मार्च

पहिला वकील. बसथांब्यावर ज्यांचा हसरा फोटो लावलाय, ते. कचेरीत गार हवा, पायाखाली गालिचा. मी माणूस कपड्यांवरून ओळखते. काळा कोट उलटा न करता इस्त्री केली की त्याला चकाकी धरते, आणि एकदा धरली की जात नाही. वकिलांच्या कोटावर चकाकीचा ठिपका नव्हता. ज्याला कोट सांभाळता येतो त्याला प्रकरणही सांभाळता येईल, असं मनात आलं.

"तुम्ही फक्त सह्या करायच्या," ते म्हणाले. "बाकी सगळं माझ्यावर सोडा. माझा सहायक तुमच्याकडून फॉर्म भरून घेईल." काही विचारलं नाही. फी मात्र ऐकली आणि घाम फुटला. "हप्त्यानं द्या," म्हणाले. हप्ते झेपत नाहीत म्हणून दिवाळं काढायचं आणि दिवाळ्याचेही हप्ते! तरी माणूस गोड वाटला. विचार करून सांगते म्हटलं.

गुरुवार, १४ मार्च

ह्यांचे एक वर्गमित्र वकील आहेत. फी घेणार नाहीत म्हणून त्यांना घरी बोलावलं. आले ते सुतक्यासारखं तोंड करून.

"वहिनी, लोक काय म्हणतील?" हे त्यांनी इतक्या हळू आवाजात विचारलं की मला दोनदा विचारावं लागलं. घरात आम्ही तिघंच.

"लोक म्हणतील लाँड्री बुडाली. बुडालीच आहे."

"मग असं करा. इस्त्रीचं टेबल आणि लहान मशिन आधी बहिणीच्या नावावर करून टाका. मागची तारीख घालू. कुणाला कळतं?"

मी म्हटलं, "भाऊजी, माझी इस्त्री माझ्याच नावावर राहील." चहा पाजून वाटेला लावलं. ते गेल्यावर हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

मंगळवार, १९ मार्च

आज कळलं की चावीवाल्याला एवढं कायद्याचं ज्ञान कुठून आलं. गेल्या वर्षी तो "गावाला गेलो होतो" म्हणत होता, तेव्हा त्याचं दिवाळं निघालं होतं. मला म्हणाला, "माझ्या वकीलबाईकडे जा. चावते ती. पण चावून झाल्यावर माणूस बरा होतो."

गेले. चपलांच्या दुकानावर एक खोली, खोलीत पंखा, पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड. बाई सर्दीनं बेजार. कोटाची कोपरं आरशासारखी चमकत होती. मन तिथेच उतरलं.

बसा म्हणाली नाही. बँकेचे उतारे मागितले आणि नाक पुसत एकेक ओळ वाचू लागली.

"व्हॅनचे पैसे कुठे गेले?"

"बहिणीचे दिले."

"किती दिवस झाले?"

"बारा-तेरा."

"आणि का दिले?"

"का म्हणजे? उसने घेतले होते."

"मग हे जास्तीचे कसले?"

"व्याज."

"आणि दोन दिवसांनी पुन्हा?"

"ती रुसली होती, म्हणून दराचा फरक."

तिनं पेन खाली ठेवलं. "बाई, उसन्यावर कुणी व्याज देतं का? तुम्ही व्याज दिलंत, तिथेच उसनं संपलं. ते कर्ज झालं. आणि बाकीच्या सहा धनकोंना उपाशी ठेवून तुम्ही एकाच धनकोला जेवू घातलंत."

धनको म्हणजे ज्याचं देणं आहे तो. माझी ताई धनको! मी म्हटलं, "तोंड सांभाळून बोला. ती धनको नाही, माझी बहीण आहे."

"कोर्टात दोन्ही असता येतं."

मग तिनं सरळ सांगितलं. अर्जाच्या तोंडावर नातेवाइकाला दिलेले पैसे कोर्टाचा अधिकारी परत मागतो आणि सगळ्यांत वाटतो. ताईला ते सगळे पैसे माघारी द्यावे लागतील. लपवलं आणि पकडलं गेलं तर अर्ज फेटाळणार. सगळी देणी अंगावर राहतील, इस्त्री जाईल आणि वर लबाडीचा ठपका.

"लपवायचं असेल तर दुसरा वकील बघा," ती म्हणाली आणि शिंकली.

"बघतेच," म्हटलं आणि जिना उतरले.

बुधवार, २० मार्च

खडूस. महाखडूस. कोट धुवायला टाकायची अक्कल नाही आणि निघाली मला शिकवायला. मी काय चोरी केली? बहिणीचे पैसे दिले! दिले नसते तर शहाणी ठरले असते का?

शुक्रवार, २२ मार्च

हसऱ्या वकिलांकडे गेले. ते नव्हते, सहायक होता. ताईच्या पैशांचं त्याला मीच सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, ते लिहूच नका. घरातली देवघेव कोण बघतंय?" आणि फॉर्म पुढे सरकवला. त्यात एक ओळ होती. 'नातेवाइकांकडून घेतलेली रक्कम'. पुढे रिकामी जागा. "इथे 'नाही' लिहा," म्हणाला.

हातात पेन घेतलं. खोटं सांगत नाही, लिहिणारच होते. तीन अक्षरंसुद्धा नव्हती, दोनच. पण मग डोक्यात आलं, 'नाही' म्हणजे काय? म्हणजे ताईनं मला काही दिलंच नाही. बँका माझं बोलणं ऐकून घेत नव्हत्या, तेव्हा एका फोनवर जिनं आयुष्याची पुंजी काढून दिली, तिनं काही दिलं नाही असं मी माझ्या हातानं लिहू? व्याजाला रुसू दे नाही तर आणखी कशाला, दिलं ते दिलं.

पेन ठेवलं आणि तडक चपलांच्या दुकानावरची खोली गाठली. वकीलबाईनं मान वर करून पाहिलं. "आलात?"

"आले. सगळं लिहा. पण चावायचं थोडं कमी करा."

फी बेताची, पण आगाऊ. म्हणाली, "दिवाळं काढणाऱ्याला मी उधार देत नाही." पटलं. व्हॅनचे उरलेले तिथे गेले. तिचा कोटही मी धुवायला घेऊन आले. चकाकी जाणार नाही, पण कॉलर तरी बघवेल.

शनिवार, २३ मार्च

वकीलबाईनं सगळ्या घेणेकऱ्यांना पत्रं पाठवली, की यापुढे एकही फोन आमच्याकडे करायचा नाही, तिच्याकडे करायचा. ह्यांना सांगितलं. ह्यांनी खिशातला फोन काढला, टेबलावर ठेवला आणि चपलांसकट पलंगावर आडवे झाले. दुपारी झोपले ते दिवेलागणीला उठले. बोळात नुसतं उभं राहून एवढं काय दमायला होतं कोण जाणे. आता बोळात जायचं नावही काढत नाहीत. वारा पडला असेल.

रविवार, २४ मार्च

ताईकडे गेले. वाटभर काय बोलायचं ते घोकत होते.

"ये," म्हणाली. पाणी दिलं. समोर बसून भाजी निवडायला लागली. म्हटलं आधी रुसवा मिटवावा, मग मुख्य विषय काढावा.

"ताई, दर अजून कमी पडला असेल तर सांग बाई. माझ्या हिशेबानं तेवढेच होत होते."

"कसला दर?"

"व्याजाचा. म्हणून तर दुसऱ्यांदा पाठवले."

ती बघतच राहिली. "तुला वाटलं, व्याज कमी आलं म्हणून मी बोलत नाही?"

"मग?"

"अगं शहाणे, व्याज आलं म्हणून! मी काय पेढी उघडली होती? शाळेत जाताना तुझ्या वेण्या मी घालायचे, त्याचाही दर काढ आणि पाठवून दे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी इतकी वर्षं लोकांच्या कपड्यांवरचे डाग ओळखते, पण हे मला ओळखता आलं नाही. लाज वाटली. तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, अगदी लहानपणीसारखी. तीही रडली, मग तिला माझ्या दराच्या फरकाची आठवण झाली आणि हसू आवरेना.

ती हसत असतानाच सांगून टाकलं. नंतर धीर झाला नसता. "ताई, ते पैसे परत द्यावे लागणार. सगळे. मला नाही, कोर्टाला. ते सगळ्यांत वाटणार."

तिचं हसू थांबलं. उठून खिडकीशी गेली. खाली रस्त्याच्या कडेला एक लहान लाल गाडी होती, जुनीच, पण धुऊनपुसून लख्ख.

"ती माझी आहे," ताई म्हणाली. "पैसे आले आणि त्याच आठवड्यात घेतली. जन्मभर रात्रपाळीच्या बसमध्ये उभं राहून गेले गं. म्हटलं, आता बसून जाऊ."

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. मी म्हटलं, "लपवायची सोय होती. एक वकील तयारही होता. पण तू मला काही दिलंच नाहीस, असं लिहावं लागत होतं."

ताईनं खुंटीवरची किल्ली घेतली. "चल खाली. विकायची तर आहे, पण आधी नीट चक्कर मारू."

अजून शिकतेच आहे ती. गाडीला मागे शिकाऊची पाटी. चौकात गाडी तीनदा बंद पडली. मागचे भोंगे वाजवून वाजवून पिसाळले. ताईनं डोकं बाहेर काढून ठणकावलं, "थांबा हो! शेवटची चक्कर आहे!" आणि ते खरंच थांबले. मी दोन्ही हातांनी दार धरून बसले होते. भीती वाटत होती आणि ही चक्कर संपू नये असंही वाटत होतं.

बुधवार, ३ एप्रिल

गाडी विकली गेली. ताईनं घेतली त्यापेक्षा थोडी कमीच आली. कमी पडले ते तिनं आपल्या पेन्शनमधून घातले. मी विरोध केला तर म्हणाली, "आता तू मला शिकव नर्सच्या पेन्शनमध्ये काय भागतं ते." तिच्याशी बोलण्यात मला आजवर कुणी जिंकलेलं माहीत नाही.

वकीलबाई म्हणते, अर्ज आता स्वच्छ आहे. टेबल आणि लहान मशिन राहील असं तिला वाटतं. खात्री देत नाही. ती कशाचीच खात्री देत नाही, म्हणून मला तिची खात्री वाटते.

सोमवार, ८ एप्रिल

आज सही. ताई बरोबर आली, पैसे भरल्याची पावती घेऊन.

वकीलबाईनं माझ्या हातची इस्त्री केलेला कोट घातला होता. यादी वाचून दाखवली. मशिनांची बँक, दोन कार्डवाले, गाळ्याचे मालक, साबणवाला, वीज कंपनी. सातवी धनको, ताई. नातं, सख्खी बहीण.

"आता दोघी नीट ऐका," ती म्हणाली. "जे काही जमा होईल त्यातून सगळ्यांना थोडं थोडं मिळेल. ताईंनाही, रुपयातले चार-सहा आणे. उरलेलं माफ. कायमचं. अर्ज मंजूर झाला की बहिणीचं तुमच्यावर काही देणं राहणार नाही. त्यांनी मागायचं नाही आणि तुम्ही बांधील नाही. समजलं? मग इथे सही करा."

हे मला आधी कुणी असं तोडून सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. बँकेचं माफ होणार, कार्डवाल्यांचं होणार, ते मी मनाशी पचवलं होतं. पण ताईचं? तिची गाडी गेली, पेन्शन गेलं, आणि आता कागदावर लिहायचं की मी तिचं काही देणं लागत नाही? पेन खाली ठेवलं. एवढी धडाडीनं निघालेली मी, अगदी शेवटच्या पायरीवर येऊन बसले. म्हटलं, "मला नाही जमायचं हे. राहू दे. इस्त्री जाऊ दे."

ताईनं खुर्ची पुढे ओढली. रुग्णाला सुई टोचताना वापरायची तो आवाज काढला.

"इकडे बघ. कोर्टाला काय माफ करता येतं? कर्ज. व्याज देऊन तू जे कर्ज केलं होतंस, ते करू दे त्यांना माफ. बरं झालं, जाऊ दे ती ब्याद. पण मी तुला दिले होते ते उसने. ते माफ करायचे की नाही, हे कोर्ट नाही ठरवणार, मी ठरवणार. आणि मी करत नाही. ऐकलंस? अजिबात करत नाही. दुकान उघड, इस्त्री तापव, जमेल तसे दे. दहा वर्षं लाव. आणि पुन्हा वर एक पैसा जास्त आणलास तर दारात उभी करणार नाही."

वकीलबाई कागदात तोंड घालून म्हणाली, "हे मी ऐकलेलं नाही." मग नाक पुसून, "स्वखुशीनं कुणी कुणाला काही द्यायला कायद्याची हरकत नाही. पण मी ऐकलेलं नाही."

मला हुंदका आला. "कागद भिजवू नकोस, पुन्हा छापायला पैसे घेईल ती," ताई म्हणाली.

डोळे पुसले आणि सही केली. पूर्ण नावानं, ठसठशीत.

घरी आम्ही बसनं आलो. खिडकीची जागा मी ताईला दिली.